गाडी लागते, तसा गेमही लागतो

देहूरोडहून मुंबईकडे निघालेल्या गाडीत खंडाळ्याचा घाट आला की कुणीतरी खिडकी मागतोच. त्याला आपण ‘गाडी लागली’ म्हणतो. अलीकडे ओपीडीत याच तक्रारीचा नवा अवतार भेटतो. चाकणला दुसरी पाळी करून आलेला तरुण रात्री संगणकावर बंदुकीचा गेम घेऊन बसतो. वीस मिनिटांत घाम फुटतो, जांभया येतात, मळमळू लागते. तो ॲसिडिटीची गोळी घेतो, घरचे बीपी तपासायला आणतात. बहुतेक वेळा दोन्हींचा काही संबंध नसतो.

शरीराचा तोल आतल्या कानातून कळतो. घाटात कान सांगतो ‘आपण हलतोय’, आणि मोबाइलवर खिळलेले डोळे म्हणतात ‘नाही’. गेममध्ये नेमके उलटे होते. डोळ्यांपुढे धावपळ चाललेली, शरीर मात्र खुर्चीत. हा मेळ न बसल्याने मळमळते. त्यामुळे पात्राच्या नजरेतून दिसणारे गेम जास्त त्रास देतात, वरून पटासारखे दिसणारे कमी. ज्यांना प्रवासात गाडी लागते किंवा अर्धशिशी आहे, त्यांना हे अधिक होते.

पहिला इलाज औषधाच्या दुकानात नाही, गेमच्या सेटिंग्जमध्ये आहे. ‘मोशन ब्लर’, ‘कॅमेरा शेक’ आणि चालताना पडदा वरखाली हलवणारा ‘हेड बॉब’ बंद करा. ‘फील्ड ऑफ व्ह्यू’ फार अरुंद असेल तर थोडा वाढवा. माउसचा वेग कमी ठेवा. चित्र अडखळत असेल तर ग्राफिक्सचा दर्जा उतरवा; देखणे पण धक्के खाणारे चित्र कशाला हवे? खोलीत दिवा लावा, पडद्यापासून जरा मागे सरका. पहिली जांभई आली की थांबा. ‘अजून एक मॅच’ म्हणत रेटल्याने त्रास वाढतो आणि तासन् तास टिकतो. रोज दहा-पंधरा मिनिटांपासून सुरुवात केली तर अनेकांना हळूहळू सवय होते.

एका गोष्टीची मला खरी काळजी वाटते. प्रवासात घेतात ती प्रोमेथाझिनची गोळी काहीजण गेमसाठीही घेतात. तिने झोप येते आणि गुंगी दुसऱ्या दिवशीही राहू शकते. सकाळी प्रेस मशीनवर हात घालणाऱ्याने किंवा महामार्गावर दुचाकी चालवणाऱ्याने ती गेमपायी घेऊ नये.

झपझप लखलखणाऱ्या प्रकाशाचा धोका वेगळा. 1997च्या डिसेंबरात जपानमध्ये ‘पोकेमॉन’चा एक भाग पाहताना लाल-निळ्या झगमगाटाने शेकडो मुलांना त्रास झाला, काहींना फिट आली. खेळताना कुणाचे हात-पाय झटके देऊ लागले, भान हरपले, तर सेटिंग्ज शोधत बसू नका. त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आकडी पाच मिनिटांत थांबली नाही तर 108ला फोन करा. थांबली तरी डॉक्टरांना दाखवाच. गेम बंद असतानाही भोवळ येत असेल, एका कानाने कमी ऐकू येत असेल, तर तेही तपासून घ्या. अचानक बोलणे अडखळले किंवा एका बाजूची ताकद गेली, तर मात्र सकाळची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठा.