शेजारच्या भिंतीला तडा गेला, तर भरपाई कोणाची?

गुलमंडीसारख्या जुन्या भागात घरं भिंतीला भिंत लागून आहेत. पायासाठी खोल खोदलं की शेजाऱ्याच्या भिंतीला तडा जाऊ शकतो. ‘चूक ठेकेदाराची, मी कशाला भरू?’ हे घरमालकाचं म्हणणं टिकणं कठीण. शेजारच्या जमिनीचा आधार जाईल असं काम दुसऱ्याकडे सोपवलं, म्हणून मालक जबाबदारीतून सुटत नाही. मात्र ठेकेदाराने हलगर्जी करून करार मोडला असेल, तर भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ नुसार मालक त्याच्याकडून भरपाई मागू शकतो. ‘लेखी करार कुठे होता?’ ही पळवाट चालत नाही. तोंडी करारही ग्राह्य असतो, फक्त सिद्ध करणं अवघड. घरबांधणी ही ‘सेवा’ असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच म्हटलंय, त्यामुळे सदोष कामाची तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे नेता येते. म्हणून खोदकामाआधी शेजारच्या भिंतींचे तारखेसह फोटो काढा आणि नुकसानभरपाईची अट करारात लिहूनच घ्या.