लपविलेला रोग आणि सैनिकाचें औषधपाणी

रणांगणावर जखमी झालेला शिपाई आपली जखम कोणापासून लपवीत नाहीं. सोबती त्याला उचलून नेतात, सरकार त्याच्या शुश्रूषेचा खर्च करतें, आणि जखमेचा व्रण त्याला पुढें भूषणासारखा वाटतो. परंतु तोच शिपाई लैंगिक संसर्गानें आजारी पडला म्हणजे त्याची वाचा बसते. तो डॉक्टरला टाळतो, मित्रानें सांगितलेल्या गोळ्या घेतो, आणि सुटींत घरीं जातांना रोगहि बरोबर नेतो. औषध फुकट असूनहि माणूस तें घ्यावयास कां येत नाहीं, हा या विषयांतील खरा प्रश्न आहे. आणि त्याचें उत्तर सैन्यांच्या इतिहासांत सांपडतें.

एकोणिसाव्या शतकांत ब्रिटिश सरकारनें येथें दंडशक्तीचा प्रयोग केला. इंग्लंडांत १८६४, १८६६ आणि १८६९ या सालीं संसर्गजन्य रोगांविषयींचे कायदे झाले. हिंदुस्थानांतहि १८६४ चा छावण्यांचा कायदा आणि १८६८ चा संसर्गजन्य रोगांचा कायदा यांनीं तोच मार्ग धरला. वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांची सक्तीनें तपासणी होई आणि रोग आढळल्यास त्यांना ‘लॉक हॉस्पिटल’ नांवाच्या रुग्णालयांत अडकवून ठेवीत. पुरुषावर मात्र या कायद्यांचा बडगा नव्हता. घागरीला दोन भोंकें असतांना एकच बुजवावें, तसा हा प्रकार होता. जोसेफाइन बटलर या बाईंनीं चालविलेल्या दीर्घ चळवळीनंतर इंग्लंडांतील कायदे १८८६ सालीं रद्द झाले. हिंदुस्थानांतील १८६८ चा कायदा १८८८ सालीं रद्द झाला.

अमेरिकेनें दुसरी युक्ति काढली. स्वतःच्या गैरवर्तनामुळें आजारी पडून जो शिपाई कामावर येऊं शकणार नाहीं, त्याचा त्या दिवसांचा पगार कापावा, असा कायदा १९१२ सालीं झाला आणि तो गुप्तरोगांना लागू करण्यांत आला. पॉल एर्लिख यांचें साल्व्हर्सान हें उपदंशावरील औषध १९१० पासून उपलब्ध होतें. परंतु तो उपचार दीर्घकाळ चाले. रोग सांगावा तर पगार जातो आणि न सांगावा तर शरीर जातें, अशा पेंचांत सांपडलेला माणूस बहुधा आजचा पगार वांचवितो. शिवाय ज्या घरीं तो पगार पोंचावयाचा, त्या निरपराध घरालाहि दंड बसे. पुढें १९४३ सालीं जॉन महोनी यांनीं उपदंशाच्या रोग्यांवर पेनिसिलिनचा यशस्वी प्रयोग केला, आणि १९४४ सालीं अमेरिकन काँग्रेसनें पगारकपातीची ती तरतूद काढून टाकली. औषध प्रभावी झालें आणि तें घेण्याबद्दलचा दंडहि उठला. या दोन गोष्टी बरोबरीनें घडल्या, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

दंड उठला तरी लाज उरते, आणि या रोगांचा स्वभावच असा कीं, लाजेला तो फार सोयीचा पडतो. उपदंशाचा पहिला व्रण बहुधा दुखत नाहीं आणि कांहीं आठवड्यांत आपोआप भरून येतो. रोग मात्र शरीरांत तसाच राहतो. परमा आणि क्लॅमिडिया या रोगांत पुष्कळ स्त्रियांना कांहींच लक्षण जाणवत नाहीं. पुढें मूल होण्यास अडचण येते, तेव्हां कारण उमगतें. तात्पर्य, प्रकृति ठीक वाटते हा कांहीं पुरावा नव्हे. तपासणी हाच पुरावा. तपासणीलाहि वेळ पाळावी लागते, एच.आय.व्ही.चा संसर्ग झाल्यावर पहिले कांहीं दिवस तो चांचणींत दिसत नाहीं, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हां ती पुन्हां करावी.

उपायांचेहि प्रकार आहेत. उपदंश, परमा व क्लॅमिडिया हे योग्य औषधानें बरे होतात. एच.आय.व्ही. समूळ जात नाहीं. परंतु नियमित औषधानें तो इतका दबतो कीं, दुसऱ्याला लैंगिक संबंधांतून लागत नाहीं. कावीळ ‘ब’ आणि एच.पी.व्ही. यांवर लस आहे. निरोधाचा योग्य व नित्य वापर धोका पुष्कळच कमी करतो. उपचार मात्र दोघांनींहि घ्यावयास हवा. एकानेंच घेतला तर बरा झालेला पुन्हां आजारी पडतो. उरल्यासुरल्या गोळ्या घेणें तर सर्वथा वर्ज्य, कारण परम्याचे जंतु एकामागून एक औषधांना दाद देईनासे झाले आहेत.

आज अमेरिकन सैनिक, निवृत्त सैनिक व त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठीं ‘ट्रायकेअर’ ही आरोग्ययोजना आहे. तींत सेवेंतील सैनिकाला उपचाराचा खर्च पडत नाहीं, आणि त्याची एच.आय.व्ही. चांचणी ठराविक मुदतीनें होत असते. कुटुंबीयांपुढें मुख्यतः दोन मार्ग असतात. ‘प्राइम’ या मार्गांत नेमलेल्या डॉक्टराकडे प्रथम जावें लागतें; ‘सिलेक्ट’मध्यें मान्यताप्राप्त डॉक्टर बहुधा स्वतः निवडतां येतो. मुलांना २१ व्या वर्षापर्यंत, आणि महाविद्यालयांत पूर्णवेळ शिकत असल्यास २३ व्या वर्षापर्यंत लाभ मिळतो. त्यापुढें २६ पर्यंत निराळी वर्गणी भरून तो चालू ठेवतां येतो. हेंच वय संसर्गाच्या दृष्टीनें नाजूक असतें. पंचविशीच्या आंतील लैंगिक संबंध असलेल्या स्त्रियांनीं वर्षांतून एकदां परमा व क्लॅमिडिया यांची तपासणी करून घ्यावी, अशी तेथील आरोग्यखात्याची शिफारस आहे. योजनेंतील नांवनोंदणी अद्ययावत् नसेल, तर हा हक्क ऐन वेळीं उपयोगीं पडत नाहीं.

श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं कोणी भारतीय सैन्यांत आहे वा होतें, त्यांनाहि हा विचार लागू आहे. सेवेंतील जवानास लष्करी रुग्णालय आहेच. निवृत्तिवेतन घेणाऱ्या माजी सैनिकास, त्याच्या पत्नीस व अवलंबितांस एप्रिल २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना आहे. तिच्या पॉलिक्लिनिकमध्यें प्रथम दाखवावें आणि तेथून जरूर तर मोठ्या रुग्णालयाकडे जावें, असा तिचा क्रम. इतरांसाठीं सरकारी रुग्णालयांतून ‘सुरक्षा क्लिनिक’ आहेत. तेथें या रोगांवर मोफत उपचार होतात. २०१७ च्या एच.आय.व्ही. व एड्सविषयक कायद्यानें, संमतीवांचून चांचणी करण्यास आणि रोग्याची स्थिति उघड करण्यास, कांहीं अपवाद सोडून, मनाई केली आहे.

कायद्यानें दिलेली ही गुप्तता उपचारासाठीं आहे, रोग दडविण्यासाठीं नव्हे. डॉक्टरपाशीं सर्व सांगावें, आणि जोडीदारापाशींहि वेळेवर बोलावें. सुटीवर आलेल्या मुलानें ‘जरा दवाखान्यांत जाऊन येतों’ म्हटलें, तर घरच्या वडील माणसांनीं कपाळाला आठी न घालतां त्याला जाऊं द्यावें. सरकारनें १९४४ सालीं पगाराचा दंड उठविला. घरांतील दंड मात्र घरच्यांनींच उठवावयाचा असतो.