घरी जोडलेला संगणक सुरू झाला नाही तर...

छपाई, भरतकाम, शिलाई, फोटो स्टुडिओ असे छोटे व्यवसाय करणाऱ्या आपल्या बांधवांचे आज संगणकाशिवाय पान हलत नाही. तयार यंत्र घेण्याऐवजी सुटे भाग आणून घरीच जोडणी करण्याकडे पुष्कळांचा कल असतो. त्यात चार पैसे वाचतात आणि पुढे एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. पण जोडणी झाल्यावर बटण दाबले आणि पडदा काळाच राहिला, तर काय करायचे? बहुतेक जण "बोर्ड जळाला" असे ठरवून मोकळे होतात. आमच्या घरी नेमके हेच झाले, म्हणून तो अनुभव वाचकांपुढे ठेवीत आहे.

चिपळूणला आमचे लग्नपत्रिकांचे दुकान आहे. मराठी, उर्दू आणि इंग्रजी अशा तिन्ही लिपींत पत्रिका निघतात. रमजानच्या आधी लग्नांची दाटी असते आणि ऐन त्या दिवसांत जुना संगणक बंद पडला. थोरल्या मुलाने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणले व रात्री घरीच जोडले. पंखे फिरले, दिवे लागले, पडद्यावर मात्र काही येईना. अठरा पत्रिका हातात, त्यांपैकी बऱ्याच जणांचे बयाणे घेऊन खर्चही झालेले. मुलगा म्हणाला, "बाबा, बोर्ड मेलाय. सकाळच्या गाडीने परत नेतो." म्हणजे दोन दिवस गेले, आणि दुकानदाराने बोर्ड परत घेतला नाही तर दहा-अकरा हजारही गेले.

माझे मेहुणे, म्हणजे मुलांचे मामू, बरीच वर्षे सौदीत इलेक्ट्रिशियन होते. त्यांना संगणकातले काही कळत नाही, हे ते स्वतःच सांगतात. त्यांनी आल्याबरोबर मुलाच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला. म्हणाले, "मेला की नाही ते मागाहून बघू. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि काय बदलले ते वहीत लिहायचे." मुलाने घाबरून एकाच वेळी तीन-चार केबली काढून पुन्हा लावल्या होत्या. त्यामुळे आधी काय चुकले होते ते कळायला मार्गच उरला नव्हता. वही धाकट्या मुलीकडे दिली. बोर्डाबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिकाही तीच वाचू लागली. ती पुस्तिका तोवर कोणी उघडलीही नव्हती!

येथे थोडे समजून घेतले पाहिजे. पंखे फिरतात म्हणजे सगळीकडे वीज पोहोचली, असे नव्हे. पॉवर सप्लायमधून बोर्डाला २४ पिनांचा मोठा प्लग जातो. प्रोसेसरसाठी मात्र ४ किंवा ८ पिनांचा वेगळा प्लग असतो आणि तो बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात लागतो. तो राहिला, तर पंखे मजेत फिरतात आणि बाकी काही होत नाही. १९९५ साली एटीएक्स नावाची रचना आली. तिच्याआधीच्या संगणकात बोर्डाला दोन प्लग शेजारी-शेजारी लागत. त्यांच्या काळ्या तारा मधोमध आल्या नाहीत तर बोर्ड खरोखरच जळे. आताचे प्लग उलटे बसत नाहीत, पण अर्धवट बसतात. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एटीएक्स संगणक बंद दिसत असला तरी भिंतीचे बटण चालू असेपर्यंत बोर्डावर ५ व्होल्ट येतच असतात. म्हणून हात घालण्याआधी वायर भिंतीतून काढावी व सुरू करण्याचे बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यावी.

हल्लीच्या बऱ्याच बोर्डांवर चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट. ज्या पायरीवर गाडी अडली, तेथला दिवा लागून राहतो. मुलीने हे पुस्तिकेत शोधले. आमचा सीपीयूचा दिवा लागलेला होता. मामूंनी बॅटरी धरून पाहिले तेव्हा प्रोसेसरचा प्लग अर्धाच बसलेला दिसला, खटका अडकलेलाच नव्हता. तो दाबून बसवला. पडदा तरीही काळा! मुलाचा धीर सुटला. पण मुलगी म्हणाली, "भाईजान, दिवा सरकला. आता डीरॅमवर आहे." ही खरे तर आनंदाची बातमी होती, कारण एक पायरी पार झाली होती.

रॅमची पट्टी दोन्ही बाजूंनी सारखी दाबून 'टक' आवाज येईपर्यंत बसवावी लागते. नवखा माणूस बोर्ड मोडेल या भीतीने हात आवरता घेतो. एकच पट्टी असेल तर चार खाचांच्या बहुतेक बोर्डांवर ती प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत लावतात. पट्टी जुनी असेल आणि कोकणासारखी दमट हवा असेल, तर तिच्या सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसून पाहाव्या. नवी डीडीआर-५ जातीची रॅम असेल तर पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटे पडदा काळा राहू शकतो. अशा वेळी उगाच बटण दाबत बसू नये. आमची डीडीआर-४ होती. पट्टी नीट बसताच दिवे विझले. पडदा मात्र काळा तो काळाच.

आता उरले चित्र. मुलाने मॉनिटरची केबल बोर्डाला लावली होती. आमचा प्रोसेसर रायझन ५ ५६००. यात चित्र काढणारा भाग नसतो, तो ५६००जी मध्ये असतो. इंटेलमध्ये ज्या क्रमांकाच्या शेवटी 'एफ' असते, त्यांचीही हीच गत. अशा संगणकात केबल वेगळ्या ग्राफिक्स कार्डालाच लावली पाहिजे. तशी लावली आणि रात्री साडेबाराला पडद्यावर अक्षरे उमटली. तीन चुका, आणि एकही भाग खराब नव्हता.

एवढे करूनही यंत्र सुरू झाले नसते तर मामूंचा पुढचा बेत असा होता. बोर्ड पेटीबाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवायचा. त्यावर फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एक पट्टी व कार्ड एवढेच लावून पाहायचे. असे चालले आणि पेटीत चालले नाही, तर बोर्डाखाली एखादा पितळी खुंट चुकीच्या जागी राहून शॉर्ट होतो आहे, असे समजावे. पॉवर सप्लायची पेटी मात्र कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकी वीज साठलेली असू शकते.

आठवड्याने नवीन तक्रार आली. काम चालू असताना यंत्र मधूनच बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचे. मुलाने पुन्हा बोर्डावर संशय घेतला. पण पत्रिकांच्या घड्या घालीत बसलेल्या माझ्या पत्नीने सांगितले, "प्रिंट काढलीत की बंद पडतो." पाहिले तर लेझर प्रिंटरही यूपीएसच्या बॅटरीवर लावलेला. बाजारात मिळणारा ६०० व्हीएचा लहान यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. लेझर प्रिंटरचा हीटर तापताना क्षणभर त्याहून कितीतरी अधिक ओढतो. प्रिंटर थेट भिंतीला लावला आणि तक्रार संपली.

त्याच दिवशी मामूंनी पेटीला हात लावला तर झिणझिण्या आल्या. दुकानाच्या प्लगमागे अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती! अर्थिंग नसेल तर पॉवर सप्लायमधील फिल्टरमुळे पत्र्याच्या पेटीवर थोडी वीज उतरते. वायरमनकडून मीटर लावून हे तपासून घ्यावे. न्यूट्रल व अर्थ यांमध्ये एक-दोन व्होल्टच दिसले पाहिजेत.

आता थोडे हमीबद्दल. डबाबंद प्रोसेसरला साधारणतः तीन वर्षांची हमी मिळते. बाजारात 'ट्रे' म्हणून बिनडब्याचा स्वस्त प्रोसेसर मिळतो, त्याची कंपनीकडून थेट हमी नसते, विकणाऱ्याच्या शब्दावरच विसंबावे लागते. पिना वाकल्या किंवा भाग जळाला तर हमीचा उपयोग होत नाही. पक्के जीएसटी बिल घ्यावे व त्यावर भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. खोकीही जपावीत, कारण त्यांवर हाच क्रमांक असतो. मुलाने आमची खोकी भंगारवाल्याला देण्यासाठी दाराशी काढून ठेवली होती. पत्नीने ती उचलून माळ्यावर टाकली.