राखीव घोडे

रिमॅपला, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलायला, आलेल्या गाडीच्या बॅटरीला सगळ्यात आधी चार्जर लावतात. ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, नवी फाइल जात असताना व्होल्टेज पडलं तर फाइल अर्धवट राहते, आणि स्वतःच्या चाकांवर आलेली गाडी टोचन करून न्यायची वेळ येते. भोसरी एमआयडीसीतल्या त्या गाळ्यात हे काम तिथला हेल्पर कुणी न सांगताच करतो. गाडी आत आली, बॉनेट उघडलं, चिमटे लागले, मग बाकीचं.

आत आलेली गाडी होती पोलो जीटी टीएसआय, पांढरी, २०१४ ची. मालक हिंजवडीत नोकरी करणारा, तिशीच्या आतला. गाडी सेकंडहँड घेतलेली, पण तिच्या प्रत्येक स्क्रूवर याचा जीव. "दादा, स्टेज वन करायचंय," तो म्हणाला. गाळेवाल्याने लॅपटॉपला हातही लावला नाही.

"पेट्रोल कुठलं भरतोस?"

"साधंच. वाटेत जो पंप लागेल तो."

"मग फाइलपण साधीच मिळेल."

पोराचा चेहरा पडला. मला मात्र त्या दोन वाक्यांत सगळा विषय दिसला.

१.२ लिटरचं हे इंजिन कंपनीच्या कागदावर १०५ पीएस आणि १७५ न्यूटन-मीटर देतं. टर्बो असल्यामुळे सिलिंडरमध्ये किती हवा कोंबायची हे सॉफ्टवेअर ठरवतं, आणि सॉफ्टवेअर बदलता येतं. टर्बो नसलेल्या स्विफ्टवर हाच उद्योग केला तर खिसा हलका होण्यापलीकडे फारसं काही हाती लागत नाही. टीएसआयला मात्र एक नट न बदलता, नुसत्या फाइलवर, म्हणजे स्टेज वनमध्ये, १३० पीएसच्या आसपास नेता येतं, आणि टॉर्क २२० च्या पुढे जातो. मग एवढी ताकद कंपनीने सोडून का दिली, असं कुणीही विचारेल. मॉडिफिकेशनवाले हसून सांगतात, कंपनीवाले घाबरट असतात.

मला ते पटत नाही. चाकणच्या कारखान्यातून निघालेली ती गाडी कुणाच्या हातात पडणार हे कंपनीला ठाऊक नसतं. ती नागपूरच्या मे महिन्यात सिग्नलला एसी लावून उभी राहणार, कुणी ऑइल बदलायला दोन-तीन हजार किलोमीटर उशीर करणार, आडगावच्या पंपावर काय मिळेल ते भरणार. आपल्याकडे साधं पेट्रोल वर्षानुवर्षं ९१ ऑक्टेनचं होतं. युरोपात ९५ ला साधं म्हणतात. या सगळ्यांतून इंजिन लाखभर किलोमीटर सुखरूप जावं म्हणून वरचे घोडे राखून ठेवलेले असतात. रिमॅप करणारा माणूस ते घोडे नव्याने निर्माण करत नाही. राखीव गंगाजळीला हात घालतो. हात घालू नये असं मी म्हणणार नाही. गाडी नीट ठेवणाऱ्या, चांगलं पेट्रोल भरणाऱ्या माणसाला त्या राखीवातल्या थोड्या भागावर हक्क सांगता येतो. पण आपण कशातून काढतोय हे माहीत असावं.

गाळेवाल्याला ते माहीत होतं. त्याने आधी चारही प्लग काढायला लावले. एकेक उजेडात धरून पाहिला, फीलर गेज घालून फट मोजली. जास्त दाबाच्या हवेत ठिणगी विझू नये म्हणून रिमॅपनंतर ही फट जरा कमी ठेवावी लागते. एका प्लगच्या चिनीमातीवर बारीक काळे ठिपके होते. "हे बघ," तो म्हणाला, "स्टॉकमध्येच नॉक होतंय थोडं. कधीतरी खराब पेट्रोल गेलंय." प्लग नवे पडले. मग स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टात वायर गेली आणि मूळ फाइल वाचून लॅपटॉपवर जपून ठेवली गेली. नवी फाइल लिहिली जात असताना डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम पेटले, पंखा आपोआप फिरायला लागला, काटे थरथरले. पोरगा दचकला. त्याला कुणी धीर दिला नाही. हे असंच होतं.

खरं काम त्यानंतरचं. गाडी ताकद मोजणाऱ्या डायनोच्या रोलरवर चढवून पट्ट्यांनी जखडली, समोर मोठा पंखा लावला. चौथ्या गिअरला १,८०० पासून पार वरपर्यंत एकच खेच. गाळा दणाणून गेला, पोरगा मोबाइल काढून शूटिंग करत पॉवरचा आकडा येण्याची वाट बघत होता. गाळेवाला त्या आकड्याकडे पाहतच नव्हता. त्याची नजर दुसऱ्या खिडकीत, चार सिलिंडरांच्या इग्निशन टायमिंगवर. नॉक, म्हणजे मिश्रण आपोआप भडकणं, जाणवला की ईसीयू ठिणगी उशिरा पाडतो, म्हणजे आपण दिलेली ताकद परत घेतो. तिसऱ्या सिलिंडरचं टायमिंग वरच्या आरपीएमला मागे सरकत होतं. त्याने टर्बोचा बूस्ट थोडा उतरवला, टायमिंग थोडं मागे घेतलं, फाइल पुन्हा लिहिली, पुन्हा खेच. मग इंजिन गार होऊ दिलं, आणि तापल्यावर परत. आकडा दरवेळी जरासा कमी भरत होता, आणि दरवेळी गाळेवाला जास्त खूश दिसत होता.

"अजून वाढेल ना, दादा?"

"इंजिन देईल. गिअरबॉक्स देणार नाही."

या गाडीचा सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स कोरड्या क्लचचा, आणि त्याची मर्यादा २५० न्यूटन-मीटर. हा गिअरबॉक्स तसाही नाजूक म्हणूनच ओळखला जातो. फोक्सवॅगनने २०१३ साली त्याच्यासाठी जगभरातून लाखो गाड्या परत बोलावल्या होत्या. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये, क्लच अर्धवट धरून फूट-फूट पुढे सरकताना तो तापतो. त्यावर २४० चा टॉर्क लादायचा आणि तो टिकावा म्हणून गणपतीला नारळ ठेवायचा, यात तंत्रज्ञान कुठलं?

संध्याकाळी पोराने मला शेजारी बसवून मोशीच्या बाजूला चक्कर मारली. फरक आहे, आणि तो लपत नाही. आधी ओव्हरटेक करताना गिअर खाली पडण्याची वाट पाहावी लागायची. आता गाडी आहे त्याच गिअरमध्ये उठते. पण एका वळणावर त्याने पाय दिला आणि पुढची चाकं किंचाळली. १८५ रुंदीचे जुने, कडक झालेले टायर. माझ्या स्वतःच्या पोलोला मी एवढी एकच गोष्ट केली आहे: त्याच १५ इंची रिमवर १८५/६० च्या जागी १९५/६० चे चांगले टायर. चाकाचा व्यास त्याने दोनेक टक्के वाढतो, म्हणजे काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी आधीपेक्षा थोडी जास्तच धावत असते. ताम्हिणी घाटात त्या टायरांनी दिलेला भरवसा मला कुठल्याही फाइलने दिला नसता. चारचौघांत मात्र टायरचं कौतुक करून बघा, कुणी ऐकत नाही.

कायद्याचं म्हणाल तर त्याबद्दल गाळ्यात कुणी बोलत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दरेक बदलामागे पाच हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आली. पोलिसांना सायलेन्सर ऐकू येतो, फाइल दिसत नाही, म्हणून पकडला जातो तो सायलेन्सरवाला. विमा कंपनीचं गणित वेगळं: न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी सापडला की फाइल तिथेच अडकते.

गाळ्याच्या दुसऱ्या टोकाला लिफ्टवर एक आबार्थ पुंटो टांगलेली होती, तिचं काम बरोबर उलट चाललेलं. आधीच्या मालकाने स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवलेली. कापलेली स्प्रिंग सरळ उंची कमी करते, पण शॉकअप तेवढाच लांब राहतो, मग प्रत्येक स्पीडब्रेकरवर तो तळाला आपटतो आणि काही महिन्यांत तेल सोडतो. नव्या मालकाला सगळं जसंच्या तसं मूळचं हवंय. फियाटचं गाड्या विकणं बंद झाल्यापासून हे सामान जमवणं म्हणजे कुर्ल्यापासून कोल्हापूरपर्यंत फोनाफोनी. एक मागचा शॉकअप अजून यायचा होता.

या गाडीत मला खरी गंमत दिसते. आबार्थ हे नावच मुळात मॉडिफिकेशनचं. कार्लो आबार्थने १९४९ साली इटलीत कंपनी काढली ती छोट्या फियाट गाड्यांना जास्त पळवणारं सामान, विशेषतः सायलेन्सर, विकून वाढली. १९७१ मध्ये फियाटने तीच विकत घेतली. २०१५ साली आपल्या रांजणगावात बनलेली आबार्थ पुंटो म्हणजे कंपनीनेच मॉडिफाय केलेली पुंटो. लिनिया टी-जेटमधलं १.४ लिटरचं इंजिन ११४ पीएसवरून १४५ वर नेलं. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. चारही चाकांना डिस्क ब्रेक दिले, १६ इंची रिमवर १९५ चे टायर घातले, स्प्रिंगा कडक केल्या, जमिनीपासूनची उंची १५५ मिलिमीटरवर आणली. ताकद वाढवली तर तिच्याबरोबर थांबवायचं आणि धरून ठेवायचंही वाढवलं. हौशी माणूस नेमकं हेच उलटं करतो: आधी आवाज, मग ताकद, मग रिमा, आणि पैसे उरले तर ब्रेक. पैसे उरत नाहीत. म्हणूनच आज मूळ स्थितीतल्या आबार्थला गिऱ्हाईक शोधत येतं आणि रंगरंगोटी केलेलीला भाव पाडून मागतात.

पोलोचं काम आटोपलं तेव्हा अंधार पडला होता. गाळेवाल्याने आधी ब्रेकचं तेल बदल, मग टायर, आणि महिनाभर चांगल्या ऑक्टेनचंच पेट्रोल भर, असं सुनावलं. मग मूळ फाइल पेनड्राइव्हवर घालून त्याच्या हातात ठेवली. "ही सांभाळ. गाडी विकताना लागेल."

पोराने पेनड्राइव्ह खिशात टाकला आणि एक्झॉस्टचा भाव विचारला.