पांढरीतला काचेचा मणी

मंगळसूत्रातले काळे मणी आपण रोज पाहतो. ते कशाचे असतात? बहुधा काचेचे. घरी सोने असो वा नसो, काळी पोत हवीच. काचेच्या मण्यांची ही आवड आजची नव्हे. ती फार जुनी आहे. आपल्या जालना जिल्ह्यातले भोकरदनच पाहा ना.

भोकरदन केळना नदीच्या काठी आहे. त्याचे जुने नाव भोगवर्धन. मध्य प्रदेशात सांचीचा स्तूप आहे. त्याला इथल्या लोकांनी दान दिले. त्यांच्या गावाचे नाव तिथे दगडावर कोरलेले आहे. १९७३ साली नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी भोकरदनला उत्खनन केले. म्हणजे जमीन एकेक थर मोजून उकरली. तेव्हा सातवाहन राजांच्या काळची वस्ती निघाली. मणी, शंखाच्या बांगड्या, हस्तिदंती मूर्ती अशा वस्तू मिळाल्या.

लहानपणी आम्हीही पाऊस उघडला की नदीकाठच्या पांढरीवर मणी वेचत असू. माती वाहून जाई अन् मणी वर येई. धुतला की निळा-हिरवा चमके. वाटे, हिराच सापडला!

हा मणी होतो कसा? वाळूत खार मिसळून भट्टीत वितळवतात. त्याची काच होते. तांब्याने निळा-हिरवा रंग येतो. लोखंडाने हिरवट येतो. जुने कारागीर वितळलेली काच ओढून लांब पोकळ नळी करीत. तिचे बारीक तुकडे पाडीत. ते पुन्हा तापवले की कडा गोल होत. झाला मणी! ओल्या मातीत फार काळ राहिला की त्यावर पांढुरका थर चढतो. तो खरवडू नये.

आता कामाची गोष्ट. एखादा परका माणूस गावात येतो. मूठभर मणी दहा-वीस रुपयांना घेऊन जातो. तुम्ही म्हणाल, फुकटचे पैसे मिळाले! पण बाबांनो, यात गावाचे नुकसान आहे. मणी कोठे होता, किती खोल होता, शेजारी कसले खापर होते, यावरून जाणकार त्याचा काळ सांगतात. जागा सुटली की मणी मुका झाला. शिवाय शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खाजगी माणसाला परदेशी नेता येत नाही. तसा १९७२ चा कायदा आहे.

म्हणून घरासाठी पांढरी माती आणताना मणी, नाणे दिसले तर खोदणे थांबवा. जागेवर खूण करा. सरपंचांना, तलाठ्याला सांगा. आपल्या गावाची गोष्ट त्या मातीत आहे. ती नातवंडांना वाचता आली पाहिजे.