मावशी सातासमुद्रांपलीकडची

‘माय मरो पण मावशी जगो’ ही म्हण आपल्या घराघरांत ऐकू येते. आई गेलेल्या लेकराला पोटाशी धरणारे कुणीतरी उरावे, एवढेच मागणे त्या म्हणीत आहे. पण वाचकहो, ज्याला आई नाही आणि मावशीही नाही, त्या लेकराने कुणाच्या दारात जावे? कधी अशी मावशी शेजारच्या घरातून पुढे येते. कधी ती सातासमुद्रांपलीकडून, वेगळी भाषा आणि वेगळा धर्म घेऊन येते. महाराष्ट्राने अशा मावश्या पाहिल्या आहेत. त्यांच्याकडून आपण काय घ्यावे, हे आज पाहू. सुरुवात मात्र आपल्या सूर्यमाळापासून करू.

आईबाप असून पोरकी

मोखाडा तालुक्यात खोडाळ्याच्या बाजूला सूर्यमाळचे पठार आहे. पालघर जिल्ह्यातले हे उंच ठिकाण. पावसाळ्यात ढग अंगणात उतरतात, थंडीत पहाटे शेकोटी सोडवत नाही. माळावर आणि उतारावर नागली, वरई, खुरासणी पिकते, खाचरात भात होतो. पाऊस धो धो पडतो, पण तो उतारावरून निघून जातो. मुंबईची तहान भागवणारी वैतरणेची धरणे याच डोंगरमुलखात आहेत आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर बायाबापड्यांना हंड्यासाठी पायपीट करावी लागते.

नागली-भात घरात आले, दिवाळी झाली, की जव्हार-मोखाड्याचे पाडे ओस पडू लागतात. घरातली धडधाकट माणसे भिवंडी, वसई, वाड्याकडे वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जातात. लहानगी पाठीवर बांधून बरोबर जातात. शाळेत जाणारी मुले आश्रमशाळेत राहतात, नाहीतर म्हाताऱ्या आजीजवळ. आजीला दिसत नाही, चूल नातीने पेटवायची, धाकट्या भावाला तिनेच भरवायचे. तिचे आईबाप हयात आहेत, तरी वर्षातले कितीतरी महिने ती पोरकीच असते.

याच मुलखातल्या वावर-वांगणी भागात १९९२ मध्ये कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राचे डोळे जव्हारकडे वळले. त्यानंतर मदत पुष्कळ आली. धान्य आले, कपडे आले, गाड्या भरून पाहुणे आले. काही माणसे राहिली आणि त्यांनी चांगले काम केले. बाकीची आली तशी गेली. म्हणून प्रश्न असा उरतो, की अशा मुलांची सेवा करायची तर ती कशी करावी? याचे उत्तर शोधायला पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यातल्या केडगावला जावे लागेल. तिथे सव्वाशे वर्षांपूर्वी एका बाईने हे काम मोठ्या प्रमाणावर करून दाखवले आणि तिच्या मदतीला परदेशच्या बायकाही आल्या.

दुष्काळाची लेक

त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई. जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान ब्राह्मण. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवले म्हणून त्यांनी लोकांचा रोष सोसला. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत गावोगाव हिंडे. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली. मागे राहिली तरुण रमा आणि तिचा भाऊ. दोघे उपाशीतापाशी, अनवाणी, शेकडो कोस चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या पंडितांनी तिची विद्वत्ता पाहून तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. पण दुःखाने पाठ सोडली नाही. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी लग्न झाले आणि १८८२ मध्ये पतीला पटकीने नेले. पदरात मनोरमा ही तान्ही लेक.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. तिथे ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात राहिल्या. लंडनला त्या भगिनींचे एक घर होते. समाजाने टाकून दिलेल्या बायकांना तिथे आसरा मिळे. रक्ताचे नाते नसलेल्या बायकांसाठी या भगिनी खपतात, हे त्यांनी पाहिले आणि त्यांच्या मनाने घेतले. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी आपल्याकडच्या बालविधवांची हकिगत सांगितली. तिथल्या लोकांनी मंडळ काढून दहा वर्षे पैसे पाठवण्याचे कबूल केले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आले.

केडगावचा मळा

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. दुष्काळी छावण्यांत हाडांचे सापळे झालेल्या मुली पाहून त्यांना आपले आईवडील आठवले असतील, यात नवल नाही. अशा शेकडो मुली त्या घेऊन आल्या. ठेवायच्या कुठे? पुण्यात प्लेग आला होता. केडगावला रेल्वे स्टेशनाजवळ त्यांनी आधीच सुमारे १०० एकर जमीन घेऊन ठेवली होती. त्या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. ‘मुक्ती’ची ही सुरुवात. पुढे १८९९-१९०० मध्ये जुनी माणसे ज्याला छप्पनचा दुष्काळ म्हणत, तो आला. गुजरातेतून आणखी शेकडो मुली आल्या. १९०० च्या सुमारास तिथे दीड हजारांच्या आसपास माणसे आणि शंभराहून अधिक गुरे होती.

शेतकरी बंधुभगिनींनो, दीड हजार तोंडे म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. एवढ्यांना रोज दोन वेळा घालायचे, तेही आपल्या अवर्षणाच्या पट्ट्यात! देणग्या येत होत्या, पण रमाबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. विहिरी खणल्या. शेती केली, भाजीपाला लावला, फळझाडे लावली, दुभती गुरे पाळली. हे काम मुलींच्या हातून झाले. कुणी हातमागावर बसली, कुणी तेलघाणीवर, कुणी शिवण शिकली, कुणी रुग्णसेवा. छापखाना आला तेव्हा खिळे जुळवण्याचे कामही मुली करू लागल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात छापले गेले. लेक मनोरमा आईच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायला शिकवण्याची सोयही केडगावला झाली.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. उपाशी मुलीला पेज पाजली, की तिचा जीव वाचतो. पण पुढे काय? लग्नाला कुणी उभे नाही, माहेर नाही, शेत नाही. हातात कसब आणि डोक्यात अक्षर असेल, तरच ती जगापुढे ताठ उभी राहील. केडगावला पेजेच्या मागोमाग पाटी आली आणि पाटीच्या मागोमाग काम आले. आज आश्रमशाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींनाही हाच प्रश्न आहे.

राहायला आलेली पाहुणी

एवढा पसारा एकट्या बाईने कसा सांभाळावा? इथे सातासमुद्रांपलीकडची मावशी येते. मिनी अब्राम्स ही अमेरिकन बाई १८८७ मध्ये मेथडिस्ट मिशनरी म्हणून मुंबईला आली. मुलींच्या शाळेत तिने काम केले आणि मराठी शिकली. १८९८ मध्ये दहा वर्षांचा करार संपला, म्हणून रमाबाईंना पुन्हा अमेरिकेला जावे लागले. त्या सुमारास अब्राम्सबाई केडगावला आल्या आणि मुलींची जबाबदारी उचलू लागल्या. पुढे आणखी परदेशी बायका येत राहिल्या. अब्राम्सबाई १९१२ मध्ये हिंदुस्थानातच वारल्या.

या बायकांचे मोठेपण कशात होते? अमेरिका सोडली, यात तर होतेच. पण त्याहून अधिक, त्या इथे राहिल्या यात होते. त्यांनी आपली भाषा शिकून घेतली. रात्री ताप आलेल्या मुलीला कुठे दुखते हे सांगायला दुभाषा लागला, तर ती मावशी कसली? शिवाय घर मराठी बाईचे होते. काय रांधायचे, काय शिकवायचे, हे ठरवणारी रमाबाई स्वतः दुष्काळातून आलेली होती. परदेशी बायका तिच्या हाताखाली राबल्या. मदत बाहेरची आणि कारभार इथला, अशी ही घडी होती.

धर्माचा वाद

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवणे बरे नव्हे. शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत आहेत, यावरून १८९३ मध्ये पुण्यात मोठे वादळ उठले. टिळकांच्या ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पुढे केडगावची ‘मुक्ती’ तर उघडच ख्रिस्ती संस्था म्हणून चालली.

ज्या लेकराला दुसरा आसरा नाही, त्याला भाकरीबरोबर धर्मही द्यावा का, हा प्रश्न तेव्हा रास्त होता आणि आजही आहे. उपाशी पोराची ‘हो’ ही खरी ‘हो’ नसते. पण टीका करणाऱ्यांनाही एक प्रश्न चुकत नाही. मुली उपाशी मरत होत्या, तेव्हा दुसरे दार किती जणांनी उघडले? धोंडो केशव कर्वे यांनी उघडले. शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी त्यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला आणि १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाचे काम सुरू केले. वादाला कामाने उत्तर देता येते, ते असे.

रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. मनोरमा त्याआधीच, १९२१ मध्ये, गेली होती. दोघींच्या मागेही केडगावचे काम चालू राहिले.

आपल्या पाड्यावर काय करता येईल?

आता पुन्हा सूर्यमाळावर येऊ. तेव्हा आणि आता यांत एक फरक पडला आहे. जगभरच्या अनाथालयांतील बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, हे आता कळून चुकले आहे. मुलाला घरातून उचलून मोठ्या संस्थेत नेण्याआधी त्याचे घर सावरता येते का, हे आधी पाहावे असे आज कायदाही सांगतो. यासाठी काही गोष्टी माहीत असू द्या.

आईवडील दोघे किंवा एक गेलेल्या मुलाला काका, मामा, आजी सांभाळत असतील, तर बालसंगोपन योजनेतून मदत मिळू शकते. २०२३ पासून ती एका मुलामागे दरमहा २२५० रुपये आहे. अर्जासाठी अंगणवाडी ताईंना किंवा जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात विचारा.

कामासाठी बाहेर जाणाऱ्या आईबापांनी मुलांची शाळा सुटू देऊ नये. निघण्यापूर्वी गुरुजींना भेटून आश्रमशाळा किंवा हंगामी वसतिगृह यांची चौकशी करावी. कुणाचे मूल कुणाजवळ राहिले, याची नोंद सरपंचांच्या अध्यक्षतेखालील ग्राम बाल संरक्षण समितीने ठेवली, तर संकटात धावून जाता येते.

मूल टाकलेले आढळले, मारहाण होत असली, कुणी नोकरीच्या आमिषाने नेत असले, तर १०९८ या क्रमांकावर फोन करा. पैसे लागत नाहीत. बाल कल्याण समितीसमोर न नेता, ‘चांगल्या घरी देतो’ म्हणून कुणाच्याही हाती मूल सोपवू नका, मग मागणारा कितीही गोड बोलो. दत्तकही कायद्याच्या वाटेनेच द्यावे लागते.

आणि बाहेरून कुणी सेवेला आले, देशातले असो वा परदेशातले, तर त्यांना तीन गोष्टी विचाराव्यात. किती दिवस राहणार? आमची बोली शिकणार का? आणि तुम्ही गेल्यावर हे काम आमच्यातले कोण चालवणार? उत्तरे सरळ आली, तर त्यांना पाटावर बसवा, नागलीची भाकरी वाढा.

तोपर्यंत शेजारच्या घरातली ती चूल पेटवणारी पोर आहेच. दिवाळीनंतर तिच्या आजीची विचारपूस करावी, पोरीच्या केसांना तेल लावावे, आज शाळेत गेलीस का म्हणून नाव घेऊन विचारावे. एवढी मावशी व्हायला समुद्र ओलांडावा लागत नाही.