लुकलुकणारा दिवा व कोरी वही

गेल्या पावसाळ्यांत एके सायंकाळीं आम्ही सहकुटुंब मोटारीनें मुंबईहून नाशिकास येत होतों. कसारा घाट निम्मा चढतों न चढतों तोंच गाडी हिसके देऊं लागली, आणि चालकापुढील फळीवरील इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लुकलुकूं लागला. पाऊस कोसळत होता. मागें ट्रकांची रांग. वेग कमी करून कसेंबसें इगतपुरीस पोंचलों, आणि सपाटी लागतांच दिवा आपोआप विझला. दुसऱ्या दिवशीं एका कारखान्यांत स्कॅनर लाविला, तों एकही कोड निघाला नाहीं. "दोषच नाहीं, दिव्याची तार सैल असेल," असें सांगून आमची बोळवण झाली. रविवारीं त्याच गाडींतून वृद्ध मातोश्रींस घाटांतून आणावयाचें होतें; म्हणून तें उत्तर आम्हांस पटेना.

हा दिवा स्थिर जळणें निराळें आणि लुकलुकणें निराळें. स्थिर दिवा म्हणतो, सवडीनें तपासून घ्या. लुकलुकणारा दिवा बहुधा सांगतो कीं, एखाद्या सिलिंडरांत पेट्रोल पेटतच नाहीं. मिस्त्री लोक यास "गाडी मिसिंग करते" असें म्हणतात. न पेटलेलें पेट्रोल धुरांड्याच्या नळींतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरांत जाऊन तेथें जळतें. मधाच्या पोळ्यासारखी जाळी असलेलें हें चिनी मातीचें भांडें प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मोलाच्या धातूंनीं लेपिलेलें असतें. फाजील उष्णतेनें ती जाळी वितळून नळीच तुंबते. यासाठीं दिवा लुकलुकतांच ॲक्सिलरेटरवरील पाय हलका करावा, आणि तो न थांबल्यास गाडी बाजूस घ्यावी. मात्र वाळलेल्या गवतावर उभी करूं नये.

आतां हें गाडीस कळतें कसें? मिनिटास ३००० फेरे घेणाऱ्या चार सिलिंडरांच्या इंजिनांत सेकंदास १०० वेळां ठिणगी पडते. प्रत्येक स्फोटानें क्रँकशाफ्टास किंचित् धक्का मिळतो. एक स्फोट चुकला कीं फेरा तेवढाच मंदावतो. दांतेरी चाकाजवळील सेन्सर ही मंदगति टिपतो, व संगणक दर २०० फेऱ्यांत अशा किती चुका झाल्या तें मोजतो. आमच्या त्या वेगानें म्हणजे अवघे चार सेकंद!

मग कोड कां सांपडला नाहीं? वर्गांतील उदाहरण घेऊं. एखादा मुलगा एकदां उशिरां आला तर शिक्षक वहींत पेन्सिलीनें खूण करितात. पुन्हां तसेंच झालें तर नांव शाईनें लिहितात. संगणकही पहिल्या चुकीची कच्ची नोंद करितो, आणि पुढल्या फेरींत तीच चूक दिसली म्हणजे ती पक्की करितो. तशाच परिस्थितींत चूक पुन्हां झाली नाहीं तर कच्ची नोंद पुसून जाते. पुष्कळ स्वस्त स्कॅनर केवळ शाईची पानें वाचतात. कोणी बॅटरीची तार काढली असेल तर पेन्सिल व शाई दोन्ही गेलींच! अमेरिकेंत १९९६ सालच्या गाड्यांपासून ही व्यवस्था सक्तीची आहे, व भारतांत एप्रिल २०२० पासूनच्या नव्या नियमांतही ती आहे.

आमचा एक माजी विद्यार्थी आतां मोटारींचें काम करितो. त्यानें प्रथम कच्च्या नोंदी उघडल्या, तों पी ०३०२ निघाला. म्हणजे दुसरें सिलिंडर. "सर, उभ्या गाडीला कोण दमवणार?" तो म्हणाला. मुद्दा खराच होता. चढावर सिलिंडरांतील दाब वाढतो, आणि दाबलेल्या वायूंतून ठिणगी उडविण्यास अधिक व्होल्टेज लागतें. कॉइलीच्या आवरणास चीर असली म्हणजे वीज स्पार्क प्लग सोडून त्या ओल्या वाटेनें पळते. सपाटीवर हा दोष दिसतच नाहीं. त्यानें नोंदी न पुसतां दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरांच्या कॉइली परस्परांत बदलल्या, आम्हां चौघांस गाडींत बसविलें, आणि घाट चढविला. दिवा लुकलुकला. या वेळीं पी ०३०३! दोष कॉइलीबरोबर सरकला होता. तो सरकला नसता तर प्लग, इंजेक्टर, हवेची गळती व शेवटीं काँप्रेशन अशा क्रमानें पाहावें लागतें.

एक अपवाद सांगितला पाहिजे. कांहीं गाड्यांत किल्ली फिरवून इंजिन चालू न करितां थोडा वेळ थांबलें तरी दिवा लुकलुकतो. तेथें संगणकाच्या आत्मपरीक्षा अपुऱ्या आहेत इतकाच अर्थ. तो रोग नव्हे. इंजिन चालू असतां लुकलुकला तरच वरील विचार लागू.

रविवारीं मातोश्री सुखरूप आल्या. जुनी कॉइल शाळेच्या प्रयोगशाळेंत ठेविली आहे. ती चीर ज्यांस पाहावयाची असेल त्यांनीं मधल्या सुटींत यावें. भिंगावांचून ती दिसत नाहीं.